कौलारू घर आणि ड्रोनचा डोळा



या व्याख्यानमालेसाठी मी हा विषय कळवला तेव्हा मंडळाच्या एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले, "यातले कौल म्हणजे देवाला लावतात तो, की छपरावर घालतात ते?" छपरावरचे. आजचे सगळे बोलणे छपराविषयीच आहे, हे आधीच सांगून टाकलेले बरे. या सभागृहातले निम्मे लोक कौलारू घरात राहतात आणि उरलेल्यांपैकी बरेच जण अशा एखाद्या घराच्या सहाव्या किंवा आठव्या हिश्श्याचे मालक आहेत, असा माझा अंदाज आहे. हिश्श्याच्या कागदाची आपण जेवढी काळजी घेतो, तेवढी त्या घराच्या छपराची घेतो का, हे ज्याचे त्याने पाहावे. छपराची एक अडचणही आहे. घराचा तो एकच भाग असा आहे की त्याचा मालक तो सहसा पाहतच नाही. जोते, भिंती, दारे रोज दिसतात. छपराची खालची बाजू माळ्याआड जाते आणि वरची बाजू फक्त कावळ्यांना आणि वानरांना माहीत असते.

ड्रोनने छपराची पाहणी ही गोष्ट आता आपल्या भागातही ऐकू येऊ लागली आहे. कोणी उत्साहाने करून घेतो, कोणी तिला शहरी थेर म्हणतो. ती नेमकी काय आहे, तिच्यातून काय कळते आणि काय कळत नाही, एवढेच आज सांगायचे आहे. माझे मत आताच सांगून ठेवतो. ड्रोनचा खरा उपयोग छायाचित्रे सुंदर येतात यात नाही. छपरावर पडणारा माणसाचा पाय तो वाचवतो, हा त्याचा उपयोग. पण त्या छायाचित्रांचा अर्थ लावायला ज्या माणसाचा पाय आपण वाचवला तोच माणूस शेजारी बसलेला लागतो.

हे समजायला आधी कौल समजून घ्यावे लागते. आपण ज्याला मंगलोरी कौल म्हणतो ते १८६५ साली बासेल मिशनने मंगळुरात काढलेल्या कारखान्यामुळे आपल्याकडे रुळले. एकमेकांत अडकणाऱ्या कौलाची मूळ कल्पना फ्रान्समधल्या अल्सास भागातल्या जिलार्दोनी बंधूंची. त्यांचे पेटंट १८४१ चे. नेत्रावती आणि गुरुपूर या नद्यांच्या काठची चिकणमाती अशा कौलाला फार मानवली आणि पुढे गोवा, कोकण, बेळगाव, धारवाड सगळीकडे ते पसरले. त्याआधी आपल्याकडे होती ती कुंभाराच्या हातची नळीची कौले. गोव्यात अजूनही कौलांना नळेच म्हणतात आणि वडोदऱ्याच्या मंडळींना गुजरातीतला नळिया हा शब्द ओळखीचा असेल. नळीची कौले नुसती एकावर एक पालथी-उताणी रचलेली असत. म्हणून दर वर्षी मृगाआधी सगळे घर शाकारावे लागे. वारा, मांजर, पोरांचा चेंडू, कशानेही ती सरकत.

मंगलोरी कौलाच्या एका कडेला खोबण आणि दुसऱ्या कडेला कंगोरा असतो. शेजारच्या कौलाचा कंगोरा याच्या खोबणीत बसतो. पाठीमागे, वरच्या टोकाजवळ, एक नाक असते. ते रिपेला अडकते. वजन दोन ते तीन किलो. एका चौरस मीटरला साधारण पंधरा कौले लागतात, म्हणजे मध्यम घराच्या दोनशे चौरस मीटर छपरावर तीन हजार कौले झाली. यातले एकही कौल खिळ्याने ठोकलेले नसते. सगळी स्वतःच्या वजनाने आणि शेजाऱ्याच्या आधाराने बसलेली असतात. त्यामुळे एक बदलायचे तर त्याच्या वरचे आणि बाजूचे थोडे उचलून ते ओढून काढता येते. फार शहाणी रचना आहे. पण तीन हजारांतले एक कौल तडकले की काय होते ते बघा.

तड्यातून पाणी थेंबाथेंबाने खाली रिपेवर येते. रिपेवरून वाशावर. वासा उतरता असतो, म्हणून ते पाणी तिथेच न टपकता वाशाच्या पोटाला धरून खाली सरकते आणि भिंतीच्या माथ्यावर, जिथे वाशाचे टोक टेकलेले असते, तिथे मुरते. घरातल्या माणसाला ओल दिसते ती भिंतीवर, तीही फुटक्या कौलापासून आठ-दहा फुटांवर. तो भिंतीला गिलावा करतो, रंग देतो. पुढच्या श्रावणात ओल पुन्हा येते. असे पाच-सहा पावसाळे गेले की वाशाचे टोक कुजते, वाळवी लागते, वासा बसतो, छपराला पोक येते आणि मग आजूबाजूची पन्नास कौले आपली खोबण सोडतात. घर पडले असे आपण म्हणतो, पण पडायची सुरुवात एका कौलापासून झालेली असते. ते कौल वेळेवर बदलले असते तर त्याला पंधरा मिनिटे लागली असती. बेळगावहून खानापूर, जांबोटीकडे जाताना पाऊस कसा वाढत जातो ते आपण सगळे जाणतो. तिकडे हेच सगळे आणखी लवकर घडते.

मग वर चढून का पाहत नाहीत? चढतात, पण खरी मेख तिथेच आहे. कौल दोन रिपांवर टेकलेले असते आणि मधे पोकळी असते. पोकळीवर पाय पडला की कौल तडकते. जाणता माणूस पाय टाकतो तो दोन कौले एकमेकांवर चढतात त्या जागी, कारण तिथे खाली रीप असते. अनवाणी, अंग हलके ठेवून, तिरपा चालतो. अशी माणसे आता गावोगाव कमी झाली आहेत. त्यांची मुले दुसऱ्या कामाला लागली आणि त्यात काही चूकही नाही. त्यांच्या जागी जो येतो तो रंगाचे काम करणारा किंवा केबल टाकणारा असतो. तो एक गळती बंद करतो आणि येता-जाता चार नवी करून ठेवतो. शिवाय शेवाळलेल्या छपरावरून घसरणारा माणूस थेट अंगणातल्या दगडावर येतो. सिमेंटचे जुने पत्रे तर याहून वाईट. वरून भक्कम दिसतात आणि माणसाचे वजन पडले की कडकन फुटून तो आरपार खाली येतो. पाहणीसाठी म्हणून कोणाला पत्र्यावर चढवणे हा मी तरी गुन्हाच मानतो.

आता ड्रोनकडे येऊ. भाषेच्या व्यासपीठावर आहोत म्हणून शब्दाविषयी दोन वाक्ये. इंग्रजीत या शब्दाचा मूळ अर्थ नर मधमाशी. १९३५ च्या सुमारास ब्रिटनमध्ये तोफांच्या नेमबाजीच्या सरावासाठी बिनवैमानिकाचे विमान केले, त्याचे नाव होते 'क्वीन बी', म्हणजे राणीमाशी. तिच्यावरूनच पुढे अशा सगळ्या यंत्रांना ड्रोन म्हणू लागले, असे सांगतात. आवाजही तसाच गुणगुणता असतो. मराठीत कोणी प्रतिशब्द केलेही असतील, पण शेतावर फवारणी करणारा माणूस ड्रोनच म्हणतो आणि तो शब्द आता आपला झाला.

छपरासाठी वापरतात तो ड्रोन लहान असतो; त्याचे वजन काही शे ग्रॅम, फार तर किलो-दीड किलो. चार पंख्यांवर तो हवेत एका जागी स्थिर राहतो. जागा उपग्रहांवरून कळते, उंची हवेच्या दाबावरून. पोटाखालचा कॅमेरा एका झुल्यावर असतो, त्यामुळे ड्रोन वाऱ्याने हलला तरी चित्र हलत नाही. खाली उभ्या माणसाच्या हातातल्या पडद्यावर सगळे दिसत राहते. बॅटरी वीस ते तीस मिनिटे टिकते. एका घराला ती पुरते, पण दोन भरलेल्या बॅटऱ्या जवळ असाव्यात.

किती उंचावरून पाहायचे याचा हिशेब मात्र नीट समजून घ्यावा, कारण फसवणूक इथेच होते. साधारण लहान ड्रोनचे छायाचित्र आडवे चार हजार ठिपक्यांचे असते. छपरापासून दहा मीटरवर असताना तो चौदा-साडेचौदा मीटर रुंदीचा पट्टा टिपतो. भागाकार केला की एक ठिपका सुमारे साडेतीन मिलिमीटरचा येतो. वीत-सव्वा वीत रुंदीच्या कौलाला मग साठ-पासष्ट ठिपके मिळतात. फुटलेला कोपरा, सरकलेले कौल, निघालेला चुना स्वच्छ दिसतो. पाच मीटरवर आले तर ठिपका दोन मिलिमीटरच्याही खाली येतो आणि ठळक तडा दिसू लागतो. पण साठ मीटरवर गेले की एक ठिपका दोन सेंटिमीटरचा होतो आणि अख्ख्या कौलाला दहा-अकराच ठिपके उरतात. तिथून घर फार देखणे दिसते. आंगण, तुळशीवृंदावन, माडांच्या सावल्या, सगळे येते. दिवाणखान्यात लावायला चित्र उत्तम. त्यातून छपराविषयी काही कळत नाही. कोणी असे दूरचे चित्र दाखवून 'पाहणी केली' म्हणाला तर त्याला नमस्कार करून निरोप द्यावा.

हाच मुद्दा दुसऱ्या बाजूने. केंद्र सरकारची 'स्वामित्व' योजना २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झाली. त्या योजनेत भारतीय सर्वेक्षण विभाग गावठाणांवरून ड्रोन फिरवून घरांच्या हद्दी मोजतो. ते झाल्यावर "आमच्या घराचे ड्रोनने काम झाले आहे" असे लोक समाधानाने सांगतात. झाले आहे, पण ते हद्दीचे. त्या मोजणीला छपराची कड कुठे संपते एवढेच हवे असते. छपराच्या प्रकृतीशी तिला कर्तव्य नाही.

उडवण्याची वेळही महत्त्वाची आहे. भर दुपारी, सूर्य डोक्यावर असताना छप्पर सपाट दिसते. सकाळी आठच्या सुमारास किंवा उन्हे कलल्यावर तिरपा प्रकाश येतो आणि बोटभर उचललेले कौलही आपली सावली टाकते. त्या सावलीवरून ते लगेच सापडते. आणखी एक चांगली वेळ म्हणजे पावसाची सर येऊन गेल्यानंतर तासाभराची. चांगली कौले लवकर वाळतात. तडकलेले किंवा झिजून सच्छिद्र झालेले कौल पाणी धरून ठेवते आणि काळसर राहते. कॅमेरा सरळ खाली न रोखता पाख्याला काटकोनात येईल असा तिरपा धरायचा. नाहीतर वळचणीकडच्या ओळी आखडलेल्या दिसतात. चारही पाखी, आढे, आणि दोन पाखी आतल्या बाजूने मिळतात तो कोपरा, हे सगळे वेगवेगळे टिपायचे. या आतल्या कोपऱ्यात पत्र्याची पन्हळ असते आणि तिच्यात पालापाचोळा साचतो. माझ्या पाहण्यात जुन्या घरांच्या निम्म्या तक्रारी या एका पन्हळीच्या आहेत. ती साफ केली की 'गळती' थांबते. कौलांचा काही दोषच नसतो.

माडांच्या परसात उडवायचे असेल तर एक खबरदारी. बॅटरी उतरली किंवा संपर्क तुटला की ड्रोन आपोआप ठरलेल्या उंचीवर चढतो आणि सुटला त्या जागी परत येतो. ही उंची आधी सांगून ठेवावी लागते. परसातला सर्वांत उंच माड जेवढा, त्याच्या वर ती हवी. नाहीतर परत येणारा ड्रोन सरळ झावळ्यांत शिरतो. लोखंडी झाकणावरून किंवा सळया घातलेल्या गच्चीवरून तो उडवू नये, त्याचे होकायंत्र बिघडते. विजेच्या खांबावरून घरात येणारी तार कॅमेऱ्याला दिसत नाही, ती आधी डोळ्यांनी पाहून ठेवावी. घारींचे घरटे जवळ असेल तर घार ड्रोनवर झडप घालते. आणि वळचणीला आग्या मोहोळ असेल तर त्या दिवशी पाहणी नको. नर मधमाशीचे नाव धारण करणाऱ्याने खऱ्या मधमाश्यांच्या वाटेला जाऊ नये.

आता छायाचित्रे हातात आली असे समजू. साठ-सत्तर तरी असतात. ती वाचायची कशी? पहिल्यांदा पाहणाऱ्याला जे भीतिदायक वाटते ते बहुधा निरुपद्रवी असते. काळी पडलेली कौले पाहून लोक घाबरतात. तो काळा थर शेवाळाचा, दगडफुलाचा असतो. कौल त्याच्याखाली शंभर वर्षांचे असूनही ठणठणीत असू शकते. काळे म्हणजे कुजलेले, असे सांगून लाल रंगाचा लेप विकणारे किंवा सगळी कौले काढून पत्रे घालून देतो म्हणणारे लोक आता ड्रोनचीच चित्रे घेऊन येतात. चित्र खरे असते, पण त्यावरचे भाष्य खोटे. उलट ज्याची काळजी करायला हवी ते सहज नजरेतून सुटते. आढ्याची रेघ मधेच किंचित बसलेली असते, एखादी ओळ बाकीच्यांच्या मानाने वाकडी जाते, दोन कौलांमधली फट एका बाजूला रुंदावते. अशी वाकडी ओळ दिसली तर दोष कौलात नसून खालच्या वाशात आहे. जाड, हिरव्या, गादीसारख्या शेवाळाची मात्र दखल घ्यावी. ते खोबणीत पाणी अडवते आणि ते पाणी उलटे आत ढकलले जाते.

म्हणून मी आग्रहाने सांगतो की चित्रे पाहताना कौले परतणाऱ्या जुन्या माणसाला पडद्यापुढे बसवावे. त्याला वर चढवत नसलो तरी त्याच्या वेळेची मजुरी त्याला द्यावी. तो चित्राकडे पाहून जे बोलतो ते कुठल्या संगणकाला अजून येत नाही. "हे कौल दुसऱ्या कारखान्याचे दिसते, खोबण जुळलेली नाही, वाऱ्याचा पाऊस आला की इथून आत येणार." कारखान्याकारखान्यांच्या कौलांत थोडाथोडा फरक असतो आणि मिसळलेली कौले नीट बसत नाहीत. ड्रोनला रंगाचा फरक दिसतो. कारखान्याचे नाव दिसत नाही, कारण तो ठसा कौलाच्या पोटाशी असतो.

तो ठसा पाहायला माळ्यावर जावे लागते आणि माळ्यावर जाण्याला पर्याय नाही. ड्रोन दाखवतो ती छपराची कातडी. हाडे आतून पाहायची असतात. दुपारी माळ्याच्या खिडक्या बंद करून अंधार करा आणि डोळे सरावू द्या. जिथे प्रकाशाचा ठिपका दिसतो तिथे फट आहे. मग बॅटरीच्या उजेडात वाशांची भिंतीवरची टोके पाहा. खिळ्याने किंवा चाकूच्या टोकाने टोचून पाहा. लाकूड भुसभुशीत लागले तर ते गेले. वाळवीची मातीची नळी भिंतीवरून वर चढताना दिसते. जुन्या पाण्याचे पिवळे ओघळ वाशावर उमटलेले असतात आणि ते उलट दिशेने वर वाचत गेले की फुटके कौल सापडते. खाली तक्तपोशी असेल तर तिच्या दोन-चार फळ्या काढायची तयारी ठेवा.

बाहेरचे आणि आतले, या दोन पाहण्या जुळवायच्या कशा? यासाठी एक सोपी रीत आहे. एक रीप म्हणजे एक ओळ, हे आतूनही खरे आणि बाहेरूनही खरे. वळचणीपासून ओळी मोजा आणि डाव्या भिंतीपासून कौले मोजा. 'पूर्वेचे पाखे, सातवी ओळ, बारावे कौल' असा प्रत्येक कौलाला पत्ता मिळतो. ड्रोनच्या चित्रात त्या पत्त्यावर तडा आहे आणि माळ्यावर त्याच पत्त्याखाली ओघळ आहे, असे जुळले की निदान पक्के. तडा आहे आणि खाली सगळे कोरडे आहे, तर घाई नाही. ओघळ आहे आणि वर काहीच दिसत नाही, तर तडा केसासारखा बारीक आहे. ते कौल काढून बोटाने टिचकी मारून पाहा. चांगले कौल खणखणते, तडकलेले बद्द वाजते. ही टिचकी ड्रोनला मारता येत नाही, आणि म्हणून शेवटी माणूस वर चढतोच. फरक एवढा की तीन हजार कौले तुडवत शोधण्याऐवजी तो शिडी लावून नेमक्या चार जागी जातो.

इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबादकडून आलेले श्रोते म्हणतील, आमच्याकडे गच्च्या आहेत, माळवदे आहेत, आमचे काय? सपाट छपरावर मालक स्वतः चालू शकतो, तेव्हा ड्रोनची गरज तशी कमी. मात्र तिथे एक वेगळा कॅमेरा उपयोगी पडतो, उष्णता टिपणारा. दिवसभर तापलेली गच्ची सूर्यास्तानंतर निवू लागते. लादीखाली किंवा लेपाखाली जिथे पाणी मुरले आहे तिथे उष्णता जास्त साठलेली असते, म्हणून तो भाग उशिरा निवतो आणि चित्रात उजळ डागासारखा दिसतो. चार कोरडे दिवस गेल्यानंतर ही पाहणी करायची. कौलारू छपरावर मात्र या कॅमेऱ्याचे पैसे देऊ नका. कौलाच्या खालून वारा खेळत असतो आणि पाणी तिथे साचून राहतच नाही, त्यामुळे डाग दिसला तरी त्यावरून काही ठरवता येत नाही.

कायद्याविषयी थोडक्यात. २५ ऑगस्ट २०२१ पासून 'ड्रोन नियम, २०२१' लागू आहेत. वजन अडीचशे ग्रॅमपर्यंत असेल तर तो नॅनो, त्यापुढे दोन किलोपर्यंत मायक्रो. नॅनो उडवायला वैमानिकाचे प्रमाणपत्र लागत नाही. मायक्रोही स्वतःच्या, बिनधंद्याच्या कामासाठी उडवायला लागत नाही. पैसे घेऊन मायक्रो उडवणाऱ्याला ते लागते, आणि ते मागून पाहायला संकोच करू नये. आकाशाचे हिरवा, पिवळा आणि लाल असे तीन भाग केले आहेत आणि त्यांचा नकाशा 'डिजिटल स्काय' या सरकारी व्यासपीठावर सर्वांना पाहता येतो. हिरव्यात चारशे फुटांपर्यंत परवानगीची गरज नाही. विमानतळापासून आठ ते बारा किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा दोनशे फूट आहे. छपराला शंभर फूटही पुष्कळ झाले. विमानतळाच्या आठ किलोमीटरच्या आत मात्र परवानगीशिवाय काही नाही, आणि लाल भागात केंद्र सरकारची परवानगी हवी. बेळगावकरांना हे विशेष सांगायला हवे. सांबऱ्याला विमानतळ आहे, हवाई दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे. शहरात मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र आणि छावणी आहे. गोव्यात दाबोळीला नौदल आहे आणि आता मोपाही आहे. आपले घर नेमके कुठे येते ते उडवायच्या दिवशी नकाशात पाहावे. आधी कधी पाहिले होते, त्यावर जाऊ नये. पोलिसांचे तात्पुरते मनाई आदेशही निघतात.

घर लाल भागात आले म्हणून हताश व्हायचे कारण नाही. एक लांब, सरळ बांबू घ्या. त्याच्या टोकाला मोबाइल घट्ट बांधा, चित्रफीत सुरू करा आणि वळचणीच्या कडेकडेने फिरवा. दुमजली घराला शेजाऱ्याच्या गच्चीवरून दुर्बीण लावा. यातून ड्रोनच्या निम्मे तरी कळते आणि कोणाची परवानगी लागत नाही, शेजाऱ्याची सोडून.

शेजाऱ्याची आठवण ड्रोनच्या वेळीही ठेवावी. आपले छप्पर टिपताना त्याचे परस, न्हाणीघराची वाट, वाळत घातलेले कपडे कॅमेऱ्यात येतात. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आहे. पण न्यायालयापर्यंत कशाला जायचे? आदल्या संध्याकाळी जाऊन "उद्या सकाळी अर्धा तास घरावरून ड्रोन फिरवणार आहोत, काकू, तुमचेही छप्पर पाहून देऊ का?" असे विचारले की प्रश्न मिटतो. बऱ्याचदा त्यांनाही हवेच असते.

राहिली हिश्शेदारांची गोष्ट. आपली जुनी घरे बहुतेक सामाईक आहेत. एक भाऊ घरात राहतो, एक पुण्यात, एक बंगळुरात, पुतणी परदेशी. घरात राहणारा दर वर्षी एप्रिलात शाकारणीचा खर्च कळवतो आणि दर वर्षी बाकीच्यांच्या मनात तोच प्रश्न येतो, "गेल्या वर्षी तर केले होते, पुन्हा कसले?" तोंडावर कोणी विचारत नाही, पैसे उशिरा येतात, एवढेच. त्या उशिरात एक पावसाळा निघून जातो आणि मी मघाशी सांगितलेला तो वासा थोडा आणखी कुजतो. घर राखणाऱ्याकडे आजवर स्वतःच्या शब्दाशिवाय पुरावा नव्हता. आता तारखेचे चित्र आहे. वर्षातून दोनदा, पाऊस संपल्यावर कार्तिकात आणि पुन्हा चैत्रात, त्याच उंचीवरून, त्याच क्रमाने पाखी टिपली आणि सगळ्यांना पाठवली, तर बंगळुरातला भाऊही 'पश्चिमेच्या पाख्याची नववी ओळ गेल्या वेळेपेक्षा उघडी दिसते' असे लिहितो. पाखे, वळचण, आढे हे शब्द ज्या पुतणीला माहीत नव्हते ती ते विचारून घेते. चित्रांबरोबर दुरुस्तीच्या पावत्याही त्याच ठिकाणी ठेवा आणि प्रत्येक पावतीवर कौलाचा पत्ता लिहा.

आणि हाताशी जादा कौले असू द्या. कौलाच्या पोटावरचा ठसा वाचून घ्या. त्या ठशाचे कारखाने पुष्कळसे बंद झाले आहेत. जवळपास जुने घर उतरवले जात असेल तर जाऊन पाहा. त्याच ठशाची शंभर कौले मिळाली तर आणून परसात, भिंतीला टेकवून उभी रचा. आडवी एकावर एक रचू नका, खालची फुटतात.